बोटाला एक वेढा

दुपारचं जेवण पानातच चिवडून मी मागच्या पडवीत येऊन आडवी झाले आहे. पौषातलं ऊन आहे. अंगाला लागतं, पण आत जात नाही. अंगावर गोधडी घेतली आहे, माझ्याच जुन्या साड्यांची, मीच शिवलेली. थंडीच्या रात्री हे झोपेत ती आपल्याकडे ओढायचे. एकदम नाही, थोडी थोडी, लहान लहान हिसके देत. मीही झोपेतच परत ओढायची. सकाळी दोघंही म्हणायचो, रात्रभर थंडीने मेलो. एवढी वर्षं त्या गोधडीवरून भांडले आणि आता ती सगळीच्या सगळी माझी झाली आहे, तर अंगावर राहत नाही. सारखी घसरते.

दिवेलागणीला वासुदेवभाऊजी येणार आहेत. माझे धाकटे दीर. त्यांना माझ्याकडून 'हो' हवं आहे. मी हो म्हटलं की उद्या भटजी येतील, पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतील, डोक्याच्या जागी नारळ ठेवतील, त्याला माझ्या नवऱ्याचं नाव देतील आणि खाडीकाठी नेऊन अग्नी देतील. देह सापडला नाही की असंच करतात म्हणे.

हे मार्गशीर्षात गेले. 'गेले' हा लोकांचा शब्द. मी म्हणते, गळ टाकून शिंगाळे गरवायला गेले आणि अजून आले नाहीत. धुक्याची सकाळ होती. कातळावर चपला सापडल्या, कानटोपी सापडली, आमिषाच्या तारलीच्या तुकड्यांचा वास मारणारा डबा सापडला. गळाची नायलॉनची दोरी, तंगूस, गुंडाळलेली बाटली मात्र नव्हती. होड्या फिरल्या, जाळी ओढून झाली, खाडीने काही परत दिलं नाही. पाय घसरून पडणारा माणूस बाटली बरोबर घेऊन पडतो का? हे मी ज्याला त्याला विचारते. ज्याला त्याला विचारते आणि जो तो खाली बघतो.

आणि गाव माझ्यावर अडलं आहे. आमच्याकडे खाडीत माणूस गेला की त्याचे दिवस होईपर्यंत कुणी पाण्यात गळ टाकत नाही. शिंगाळा तळाचा मासा. तळाला जे मिळेल ते खातो. याच्या पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, पण शिंगाळ्याचं कालवण कुणाच्या घशाखाली उतरत नाही. आता थंडीचे दिवस म्हणजे त्याचेच दिवस. पाणी गार झालं की तो आळसावतो, वळणावरच्या खोल कोंडीत जाऊन बसतो, आणि काठावर बसून धीर धरणाऱ्याला मिळतो. सखारामतात्या तर थंडीभर त्याच्यावरच जगतात. त्यांचे गळ वळचणीला गंजत टांगलेत. ते मला काही म्हणत नाहीत. पाणंदीत समोर आले की नुसतं 'बरी आहेस ना?' विचारतात, आणि त्या विचारण्याचाच मला राग येतो.

मी काय करू? मी हो म्हटलं की हे मेले. नाही म्हणते आहे तोवर नुसते यायचे राहिलेत.

डोळे मिटते. पापण्यांवर उन्हाची लाली आहे. मग ती हळूहळू मळकी होते, भरतीच्या पाण्यासारखी. कुठून तरी पाणी शिरल्याचा आवाज येतो, बुडबुड, बुडबुड.

"तारली आणलीस काय गो?"

हे पडवीच्या पायरीवर बसलेत. माझ्याकडे पाठ. तोच उसवलेला तपकिरी स्वेटर. पायरीच्या खाली आमचं परसू नाही, खाडी आहे. अळवाचा वाफा पाण्याखाली हलतोय. वाळत घातलेल्या चादरीचं टोक पाण्यात बुडलंय आणि चादर एका बाजूला वाहतेय. मला याचं काही वाटत नाही. राग तेवढा येतो.

"कुठे होतात इतके दिवस?"

"हितंच."

"हितंच म्हणजे कुठे? सगळी खाडी धुंडाळली त्यांनी."

"मोठ्यानं बोलू नको. मासे जातात."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ऐकते आहे. काठावर बसलेला हा माणूस बायकोशी बोलायचा तो एवढंच. मी उठून आत जाते, चहा टाकते. चूल पेटलेली आहे, जाळ दिसतो, पण भांड्याला हात लावला तर गार. तसाच चहा कपात ओतून आणते. हे कप हातात घेतात, ओठांपाशी नेतात आणि खाली ठेवतात. कपाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ धरली आहे.

"घ्या की. गार होईल."

"तोंडाला चव नाय."

"कानटोपी कातळावर का ठेवलीत? इतक्या थंडीत?"

"कानावर टोपी असली की पाणी ऐकू येत नाय." मग विचारतात, "काठाला कुणीच कसं बसत नाय गो? सखाराम आजारी हाय काय?"

चादर वाहत वाहत तारेवरून सुटते आणि पाण्यावर पसरते.

"तुमच्यासाठी थांबलेत सगळे," मी म्हणते.

"माझ्यासाठी कशाला? मी हाय की." हे पहिल्यांदा मान वळवतात, पण पूर्ण नाही. गाल दिसतो, दाढी वाढलेली. "खाली कसं असतं, वरनं गळ आले की जरा बरं वाटतं. कुणाचा हात कुठला ते कळतं. सखाराम गळाचं शिसं जोरात टाकतो, धप्पकन. बापू पाध्याचं हळू येतं. आता किती दिवस झाले, वरनं कायच येत नाय. म्हणून बघायला आलो, गाव हाय का उठला."

मला हुंदका येतो आणि तो मी गिळते, कारण मासे जातील.

"तिकीट, तिकीट," कुणी तरी म्हणतं.

आम्ही एसटीत बसलोय. हे खिडकीशी, मी शेजारी. खिडकीतून तंगूस बाहेर सोडलेला आहे. रस्ता पाण्याखाली गेलाय आणि गाडी पाण्यातून सावकाश चालली आहे, दोन्ही बाजूंना खारफुटी. पुढच्या सगळ्या बाकांवर माणसं आहेत, शाली पांघरलेली, आणि एकही मान वळवत नाही. कंडक्टर म्हणजे वासुदेवभाऊजी. खाकी कपडे त्यांना ढगळ होतात.

"वहिनी, तुमचं एक. दादाचं?"

"त्यांचंही द्या की. विचारता काय?"

भाऊजी तिकिटं फाडत नाहीत. "दादाचा थांबा मागं गेला, वहिनी."

"मग घंटी का नाही मारलीत?"

"मारली. तुम्हीच म्हणालात, अजून यायचाय."

"तर मग गाडी मागे घ्या!"

"एसटी काय मागं जाते, वहिनी?" ते इतक्या नरमाईने म्हणतात की मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मी यांची बाही घट्ट धरते. स्वेटरच्या लोकरीतून पाणी निथळतं, माझ्या मुठीतून मनगटावर, मनगटावरून मांडीवर. बर्फासारखं गार.

"भांडू नको वासूशी," हे खिडकीबाहेर बघत म्हणतात. "माझ्यासाठी खाडीत किती फिरला तो. कालवांच्या शिंपल्यांनी पाय चिरले त्याचे. अजून लंगडतोय. बघितलंस तरी काय त्याच्याकडं?"

मी बघितलेलं नाही. हे खरंच आहे. महिनाभर भाऊजी येतात, पायरीवर बसतात, जातात, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघते, ते पुन्हा तोच विषय काढतील म्हणून. पायांकडे माझं लक्ष गेलेलं नाही. आता बघायला जाते तर एसटीच्या तळाशी पाणी आहे आणि कुणालाच पाय दिसत नाहीत.

गाडी थांबते. धुकं आहे.

कातळ आहे. हाच तो. काळा, शेवाळलेला, पुढे पाण्यात उतरलेला. माझ्या पायाशी त्यांच्या चपला आहेत, आणि हे अनवाणी कातळाच्या टोकाला उकिडवे बसलेत. ओहोटी लागलेली आहे. पाणी समुद्राकडे ओढ घेतंय, आवाज न करता. पलीकडचा काठ दिसत नाही. आत्ताच दिवस उजाडतोय की मावळतोय, तेही कळत नाही.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारते. त्यासाठीच तर आले आहे असं वाटतं.

"तुमची बाटली कुठाय?"

हे उजवा हात मागे करून माझ्यासमोर धरतात, लहान मूल लागलेलं दाखवतं तसा. अंगठ्याशेजारच्या बोटावर, पहिल्या पेराच्या खाली, खोल वळ आहे. वळाच्या पुढचं बोट पांढरं फटक.

"वेढा दिलात?"

"एकच."

"तुम्ही?"

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी हौसेने यांच्याबरोबर गरवायला आले होते, तेव्हा नीट धरता यावा म्हणून तंगूस बोटाला गुंडाळून घेतला होता, तर केवढ्याने ओरडले होते माझ्यावर. बोटावरून नुसता जाऊ द्यायचा. मासा धावला की त्याला धावू द्यायचं, मग खेचायचं. बोटाला वेढा कधी म्हणजे कधी द्यायचा नाही. सगळ्या गावाच्या पोरांना हे यांनीच शिकवलं.

"तुम्हीच तर मला सांगितलं होतंत!"

"तुला सांगितलं व्हतं. मला कोण सांगणार?" ते हात परत पुढे घेतात, काखेत धरतात. "थंडीनं बोटं बधिर झाली, शालन. या वर्षी लईच. मासा चावतोय का नुसतं पाणी ओढतंय, काय समजेना. आधी नखानं कळायचं मला. कोंडीतला शिंगाळा थंडीत कसा चावतो, ठावं हाय ना तुला? नुसता ओठ लावतो. म्हटलं, एक वेढा देऊ, म्हणजे कळंल तरी. लगेच सोडणार व्हतो."

लगेच सोडणार होतो. मी खाली बसते. कातळ ओला आहे, साडी भिजते.

"मोठा होता?" मी विचारते. हेच का विचारते, देव जाणे.

आणि यांचा चेहरा उजळतो. इतक्या वेळात पहिल्यांदा हे माझ्याकडे पूर्ण वळतात. डोळे तेच, पापण्यांना मात्र चिखलाची रेघ. दोन्ही हात पसरतात, मग अजून पसरतात, मग पुरत नाहीत म्हणून नुसतेच हलवतात. "अगो, काय सांगू तुला! असला शिंगाळा मी जन्मात बघितला नाय. एवढ्या मिशा त्याच्या. पयल्यांदा वाटलं, दगडात अडकला गळ. मग तो दगडच चालायला लागला. हातातली बाटली गेली की पुढंच."

"आणि तुम्हीही गेलात पुढंच."

"व्हय," ते म्हणतात, जरासे ओशाळून.

मला असा संताप येतो! मी इथे दाराकडे डोळे लावून बसले आहे, अन्न गोड लागत नाही, गावाच्या नजरा झेलते आहे, आणि यांना त्या माशाचं कौतुक. कानाला धरून घरी न्यावंसं वाटतं. आणि त्याच वेळी, माझी मलाच लाज वाटते, पण बरंही वाटतं. घाबरून नाही गेले. माशाच्या मागे गेले. माझ्यावर रुसून तर नाहीच गेले. आदल्या रात्री आम्ही त्या गोधडीवरून भांडलो होतो थोडं, ते मला इतके दिवस खात होतं.

"एक विचारू?" मी म्हणते. "त्यांनी तुम्हाला… खाली… काही केलं का हो?"

"कुणी?"

"शिंगाळ्यांनी."

हे हसतात. आवाज येत नाही, खांदे हलतात. "मी किती वर्षं त्यांना खाल्लं, तवा नाय विचारलंस कधी. आपल्या घरात कालवण उरलेलं आठवतंय तुला? वाटीसुद्धा पुसून खायचो."

मी रडते. आता मासे गेले तर जाऊ देत. तोंडाला पदर लावत नाही, काही नाही, मोठमोठ्याने रडते आणि धुक्यात माझा आवाज कापसात पडल्यासारखा विरतो. रडून डोळे पुसते तर शेजारी हे नाहीत. कातळावर ओल आहे तेवढी.

माझ्या हातात तंगूस आहे. बोटाला एक वेढा आहे. मी दिलेला नाही. तंगूस सरळ खाली पाण्यात गेलाय, कोंडीत, जिथे तळ लागत नाही.

बोटाला ओढ लागते.

खेकडा कुरतडतो तशी ही ओढ नाही. शिंगाळ्याचं पिल्लू टकटक करतं, तशीही नाही. गळ खडकात अडकला की लागते ती मेलेली ओढ तर नाहीच नाही. ही लहान लहान हिसक्यांची ओढ आहे. थोडी, मग थांबून आणखी थोडी. ही ओढ माझ्या अंगाला माहीत आहे. आयुष्यभर मी ती झोपेत ओळखत आले.

हात आपोआप मागे येतो. मीही ओढते.

"सोड गो," खालून आवाज येतो. पाण्यातून नाही, अगदी कानाशी, उशीवरून आल्यासारखा. "थंडी वाजतेय."

"नाही सोडणार. सोडलं की जाल तुम्ही."

"गेलोच हाय मी. थंडी तेवढी राह्यलीय."

बोट पांढरं पडतंय. वेढा आत रुततोय. ताणलेला वेढा ओढून निघत नाही, त्याला ढील द्यावी लागते, आणि ढील द्यायची तर पाण्याच्या दिशेने पुढे व्हावं लागतं. मी उठते. यांच्या चपलांना पाय लागू नये म्हणून बाजूने जाते. कातळाच्या टोकाशी येते, एक पाय पाण्यात. पाणी इतकं गार आहे की पाय असल्याचंच कळत नाही. हात पुढे करते, जेवढा जाईल तेवढा. तंगूस सैल पडतो. डाव्या हाताने मी वेढा काढते.

तो बोटावरून सरसर जातो. खूप वेळ जात राहतो. मग टोक येतं आणि तेही जातं.

"वहिनी."

ऊन गेलंय. परसू आहे, अळवाचा वाफा आहे, तारेवर चादर आहे, कोरडी. गोधडी माझ्या अंगावरून सरकून पायरीखाली गेली आहे, अर्धी अंगणात. मी थंडीने आखडले आहे. बाहेर खाडीच्या बाजूने धूर पसरावा तसा अंधार येतोय.

वासुदेवभाऊजी पायरीशी उभे आहेत. उजव्या पायाला फडकं बांधलंय, मळलेलं, जुनं झालेलं. ते वजन डाव्या पायावर देऊन उभे राहतात. कधीपासून असे उभे राहतात?

"पाय कसा आहे?" मी विचारते.

ते गोंधळतात. "बरा हाय. कालवं लागली व्हती… वहिनी, मी त्यासाठीच आलो. भटजी विचारतायत. उद्या नाय जमलं तर मग—"

मी उठून बसायला हात टेकते आणि हात झटकन उचलते. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला काही तरी झालंय. पहिल्या पेराच्या खाली वळ आहे. बारीक, सरळ, खोल. पुढचं बोट पांढरं. मी आधी गळ्याशी हात नेते, झोपेत मंगळसूत्रात बोट अडकलं असेल म्हणून. ते गळ्यात नीट आहे. आणि मण्यांचा वळ मला माहीत आहे, त्याचे ठिपके उठतात. गोधडीचा दोरा कुठे सुटलाय का बघते. कुठेच सुटलेला नाही.

मी ते बोट चिमटीत धरून बसून राहते. भाऊजी वाट बघतात. घाई करत नाहीत. त्यांनी कधीच केली नाही, आता आठवतंय.

"बोलवा भटजींना," मी म्हणते.

ते एकदम पायरीवर बसतात. तोंडावर हात घेतात. मोठा भाऊ गेला त्यांचा, आणि महिनाभर मी त्यांना रडू दिलेलं नाही. मी त्यांना रडून घेऊ देते. चुलीवर चहा टाकायला हवा, पण जरा वेळाने.

"आणि सखारामतात्यांना सांगा," मी म्हणते, "दिवस झाले की पहिला गळ त्यांनी टाकायचा. शिसं जोरात टाका म्हणावं."

"जोरात? का?"

"सांगा तेवढं."

ते मान हलवतात. नाक पुसतात. उठायला लागतात तेव्हा मी विचारते, "पानांचा तो माणूस करतील, त्याच्यावर कापड घालतात ना?"

"व्हय. कोरं पांढरं. मी आणून ठेवलंय."

"ते राहू द्या."

मी पायरीखाली वाकते, गोधडी उचलते, माती झटकते आणि घडी न करता त्यांच्यापुढे धरते.

"ही घाला. सगळी घाला, मानेपर्यंत. त्यांना थंडी वाजते."

भाऊजी दोन्ही हातांनी गोधडी घेतात. ती माझ्या हातून सुटताना बाकीच्या बोटांना कळतं. त्या एका बोटाला कळत नाही.